वरचे पाणी, खालचे पाणी

आषाढातल्या एका संध्याकाळी मी कॉलेजातून घरी आलो. छत्री दारात उघडी करून ठेवतो आहे, तोच आमच्या कन्यकेने मला गाठले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितले, "बाबा, आजपासून मी इथिओपिया."

मुलीच्या बापाला अशा घोषणांची सवय असते. पहिलीत असताना ती डॉक्टर होती, तिसरीत बसची कंडक्टर होती, आणि पाचवीत असताना एक संपूर्ण आठवडा ती अंतराळवीर होती. त्या आठवड्यात तिने भाकरी खायचे साफ नाकारले, कारण अंतराळात भाकरी मिळत नाही! पण एक अख्खा देश होण्याची तिची ही पहिलीच खेप. मी मदतीच्या आशेने स्वयंपाकघराकडे पाहिले. सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. मागे वळूनही न पाहता त्या म्हणाल्या, "आधी इथिओपियाला म्हणावं, वाटेतलं दप्तर उचल."

खुलासा हळूहळू झाला. तिच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एक उत्साही बाई आहेत. सहावी ते आठवीच्या मुलांची एक लुटुपुटीची राष्ट्रसभा भरवायचे त्यांनी ठरवले होते. एकेका मुलाने एकेक देश व्हायचे, त्या देशाची माहिती काढायची, त्याच्या वतीने भाषण करायचे, इतरांशी वाटाघाटी करायच्या आणि शेवटी सर्वांनी मिळून एक ठराव लिहायचा. 'मला वाटते' असे म्हणायला बंदी. 'माझ्या देशाला वाटते' असे म्हणायचे. वादाचा विषय होता नाईल नदीचे पाणी.

हा खेळ तसा जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ जन्माला आला आणि १९२०च्या दशकातच अमेरिकेतले विद्यार्थी त्याच्या नकला करू लागले. पुढे राष्ट्रसंघ बुडाला, पण नक्कल तरली. १९४५ साली संयुक्त राष्ट्रे स्थापन झाल्यावर तिने आपले नाव बदलले आणि ती जगभर पसरली. मुंबई-ठाण्याच्या मोठमोठ्या इंग्रजी शाळांतली मुले कोट-टाय घालून 'मॉडेल युनायटेड नेशन्स' भरवतात. त्या लांबलचक नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून मुले त्याचा उच्चार 'मन' असा करतात. मराठीच्या प्राध्यापकाला या खेळाविषयी आपुलकी वाटायला एवढे निमित्त पुरेसे आहे.

पण आमचे मोहने म्हणजे काही मलबार हिल नव्हे. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की शहाड, त्यानंतर आंबिवली. तिथे उतरून रिक्षा केली की उल्हास नदीच्या काठी आमचे गाव. एके काळी इथल्या कितीतरी चुली रेयॉनच्या कारखान्यावर पेटत. तो २००९ साली बंद झाला. आता या शाळेतल्या मुलांचे वडील कुणी भिवंडीच्या गोदामात, कुणी मुंबईच्या ऑफिसात, तर कुणी रिक्षावर असतात. मराठी माध्यमाची साधी शाळा. कोट-टायचा प्रश्नच नव्हता. जे काही करायचे ते गणवेशात आणि मराठीतच करायचे, असे बाईंनी ठरवले होते.

आणि त्या मराठीपायीच मी या प्रकरणात ओढला गेलो. बाईंचा निरोप आला, "सर, ठरावाचे नमुने सगळे इंग्रजीत आहेत. मुलांना जरा शब्द पुरवाल का?"

मला कुणी पैसे मागितले तर मी दहा सबबी सांगतो, पण शब्द मागितले तर धावत जातो. शनिवारी शाळेत गेलो आणि मुलांपुढे आपल्या भाषेचे भांडार उघडले. म्हटले, "अरे, मुत्सद्देगिरी काय इंग्रजांनी आणली? आपल्याकडे कृष्णाने शिष्टाई केली, ती पांडवांसाठी पाच गावे मागण्यापर्यंत खाली आली होती. आपल्या जुन्या कागदपत्रांत रदबदली आहे, तह आहे, सलूख आहे. तेव्हाचा वकील कोर्टात उभा राहत नसे, परक्याच्या दरबारात उभा राहत असे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंहाने पुरंदरला वेढा घातला, तेव्हा महाराजांच्या वतीने बोलणी करायला रघुनाथपंत गेले. तेवीस किल्ले द्यायचे आणि बारा राखायचे, असा तह झाला."

मागच्या बाकावरून एक किडकिडीत मुलगा उठला. त्याच्या हातातल्या पुठ्ठ्यावर 'सुदान' असे लिहिले होते. "सर, पस्तिसातले तेवीस देणं म्हणजे हरणंच की!"

"पण बारा राहिले, म्हणून तर १६७० साली बाकीचे परत घ्यायला सुरुवात करता आली," मी म्हणालो. सुदानचे समाधान झालेले दिसले नाही. चांगल्या प्रतिनिधीचे होऊही नये.

मग आम्ही ठरावाच्या शब्दांकडे वळलो. असल्या ठरावाची एक गंमत असते. पूर्ण ठराव म्हणजे एकच लांबच लांब वाक्य. आधी 'स्मरण ठेवून', 'चिंता व्यक्त करून', 'नोंद घेऊन' अशी एकामागून एक प्रस्तावना, आणि मग 'आवाहन करते', 'शिफारस करते' अशी क्रियापदे. आपल्या पूर्वकालवाचक धातुसाधितांना यापेक्षा चांगली नोकरी आजवर कुणी दिली नसेल. मी मुलांना सांगितले की या सभेत एकेका शब्दावरून देश वर्षानुवर्षे भांडतात. अरब-इस्रायल युद्धानंतर १९६७ साली सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव केला. त्यात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे असे म्हटले आहे, पण इंग्रजी मजकुरात 'प्रदेशां'च्या आधी 'द' हे इवलेसे अक्षर नाही. मग 'सर्व प्रदेश' की 'काही प्रदेश'? पुढे कित्येक वर्षे त्या नसलेल्या 'द'चा काथ्याकूट चालू राहिला. आणि १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले पहिले कलम! त्याच्या इंग्रजी मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. आपल्या हंसाबाई मेहता अडून बसल्या आणि तिथे 'सर्व मानव' असे झाले. मुलींच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. त्या दिवशी मी जरा ऐटीतच घरी आलो.

घरी मात्र इथिओपिया रडत बसला होता.

तिला इजिप्त हवा होता. पिरॅमिड इजिप्तमध्ये, ममी इजिप्तमध्ये, क्लिओपात्रा इजिप्तमध्ये. आणि चिठ्ठीत आला इथिओपिया. पण खरे दुःख त्याहून खोल होते. ती म्हणाली, "बाबा, इथिओपियाची बाजूच मुळी चूक आहे. त्यांनी वरती धरण बांधलं आणि खालच्यांचं पाणी अडवलं. तुम्हीच नेहमी म्हणता ना, वरच्याने खालच्याचं पाणी तोडणं हे पाप आहे म्हणून?"

मी नेहमी म्हणतो, ही गोष्ट खरी. पण मी ते नाईलविषयी म्हणत नाही. ते मी म्हणतो माझ्या सख्ख्या थोरल्या भावाविषयी.

मुरबाडच्या पलीकडे आमचे गाव आहे. वडिलांनी जमिनीची वाटणी केली तेव्हा वरचा मळा दादाला आला, आणि खालची वाडी व वडिलांनी स्वतः खणवलेली विहीर मला आली. चार वर्षांनी दादाने वरच्या मळ्यात बोअर मारली. पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या विहिरीने तळ दाखवला. मला हे कळले तेसुद्धा दादाकडून नव्हे, एस.टी.त भेटलेल्या गाववाल्याकडून. मी गावी गेलो, दोघे एकमेकांना लागेल असे बोललो, आणि तेव्हापासून बोलणे बंद. यंदा त्याला अकरा वर्षे झाली. आमच्या घराण्याचा गणपती दादाकडे असतो. त्या वर्षापासून मी मोहन्याच्या या दोन खोल्यांत वेगळा गणपती आणू लागलो. मुलीने आपल्या मोठ्या काकांना नीट पाहिलेलेही नाही. विहिरीची कहाणी मात्र तिला पाठ आहे, अर्थात माझ्या तोंडून ऐकलेली.

"हे बघ," मी प्राध्यापकी अवसान आणून म्हणालो, "चूक-बरोबर नंतर. ज्याची बाजू मांडायची त्याच्या अंगणात जाऊन आधी उभं राहायचं. भाषणाला मी मदत करतो."

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी नाईलची सगळी कागदपत्रे पुढ्यात घेऊन बसलो. इथिओपियाच्या डोंगरांवर पाऊस पडतो, तिथून निळी नाईल निघते. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातला फार मोठा वाटा या डोंगरांतूनच येतो. पण १९२९ साली ब्रिटिशांनी आणि इजिप्तने करार केला, आणि १९५९ साली इजिप्त व सुदान यांनी आपसात पाणी वाटून घेतले, इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानला १८.५ अब्ज. इथिओपियाच्या नावावर थेंबही नाही. पुढे २०११ साली इथिओपियाने प्रचंड धरण बांधायला घेतले आणि २०२५च्या सप्टेंबरात त्याचे उद्घाटन झाले. त्या दिवसापर्यंतसुद्धा, दुष्काळाच्या वर्षी किती पाणी सोडायचे याबद्दल तिन्ही देशांत बांधून घेणारा करार झालेला नव्हता.

लिहिता लिहिता माझी लेखणी रंगात आली. मी लिहिले, 'ज्याच्या अंगणात पाऊस पडतो, त्याला वाटणीच्या वेळी ओसरीवरसुद्धा कुणी बोलावले नाही.' वाक्य मला फार आवडले. सौभाग्यवती दुधाला विरजण लावत होत्या. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

विरजणाचा चमचा तसाच धरून त्या म्हणाल्या, "अहो, हे वाक्य भाऊजींचं आहे."

मी कागद खाली ठेवला. अकरा वर्षांपूर्वी अंगणात उभा राहून दादा हेच म्हणाला होता, "वाटणीच्या वेळी मला ओसरीवर तरी बोलावलं होतंत का?" आणि ते खरे होते. वाटणीचा कागद कल्याणला वकिलाकडे झाला. वडील होते, मी होतो. लावणीचे दिवस होते, दादा चिखलात होता. त्याची सही मागाहून घेतली. शिकलेला मुलगा म्हणून वडिलांचा ओढा माझ्याकडे होता, आणि त्या ओढ्यातून विहीर माझ्याकडे वाहत आली. त्या विहिरीवर माझे काय आहे? दहा आंबे आणि दोन नारळ. मे महिन्यात मी जातो, पेट्या भरून आणतो आणि शेजारी वाटून कौतुक करवून घेतो. दादाचे घर त्याच्या भेंडीवर चालते.

याचा अर्थ माझी काहीच बाजू नव्हती असे नाही. मला न कळवता दादाने बोअर मारली, हे त्याचे चुकलेच. इजिप्तचेही तसेच आहे. त्या देशात पाऊस पडत नाही म्हटले तरी चालेल. पिण्याचे आणि शेतीचे जवळजवळ सगळे पाणी त्या एका नदीचे. तो घाबरला तर त्याला हसता येणार नाही. पण अकरा वर्षे मी एकाच देशाचे भाषण पाठ म्हणत होतो, आणि समोरच्या देशाचे भाषण कधी लिहूनच पाहिले नव्हते. त्या रात्री ते लिहिले, तेही मुलीच्या अभ्यासाच्या निमित्ताने. मला झोप लागली नाही.

श्रावणातल्या शनिवारी शाळेच्या सभागृहात सभा भरली. एकोणीस देश, प्रत्येकापुढे पुठ्ठ्याची पाटी, आणि अध्यक्षस्थानी बाई. पालक मागच्या खुर्च्यांवर. पहिल्याने इजिप्त बोलला. आठवीतला उंच, आवाजी मुलगा, त्याने "नाईल ही आमची एकुलती एक विहीर आहे!" असे म्हटले तेव्हा मी नकळत मान डोलावली आणि लगेच सावरून बसलो. मग सुदान उठला.

"अध्यक्षमहोदया, सुदानचं आमच्या मोहन्यासारखं आहे. आपल्या वरती बदलापूर, आपल्या खाली कल्याण. उन्हाळ्यात नदी जलपर्णीनं हिरवीगार होते, तेव्हा आपण म्हणतो, वरच्यांनी घाण सोडली. पण आपल्या नाल्याचं पाणी कुठे जातं? ते खालच्यांना विचारा. वरून येईल ते सोसायचं आणि खालच्यांच्या शिव्या खायच्या, हे सुदानला माहीत आहे."

सभागृह हसले. मी हसलो नाही. प्रत्येक गाव कुणाच्या तरी वर असते आणि कुणाच्या तरी खाली, ही गोष्ट मी चाळीस वर्षांत कधी मनात आणली नव्हती.

मग इथिओपिया उभा राहिला. मी कान टवकारले. ओसरीच्या वाक्याची वाट पाहू लागलो. ते आलेच नाही. तिने माझा कागद घडी करून ठेवला होता. ती म्हणाली, "आमच्या देशानं कुणाचं पाणी तोडायला धरण बांधलं नाही. आमच्या कोट्यवधी लोकांच्या घरात वीज नव्हती, म्हणून बांधलं. तुम्हाला विचारलं नाही, हे आमचं चुकलं. पण तुम्हीसुद्धा आम्हाला विचारलं नव्हतं." आणि ती खाली बसली.

एवढेच. माझी तीन पाने तिने चार वाक्यांत संपवली होती.

खरा घोळ ठराव लिहिताना झाला. नदीवर नवे काही बांधायचे झाल्यास ते 'खालच्या देशांची संमती घेऊन' बांधावे, असे इजिप्तचे म्हणणे. इथिओपिया म्हणे, संमती म्हणजे आमच्या घराची किल्ली तुमच्या हातात. 'पूर्वसूचना देऊन' एवढेच लिहा. अर्धा तास गेला. मुले घोळक्याने कोपऱ्यात जात, कुजबुजत, परत येत. मोठ्यांच्या जगातही हेच दुखणे आहे. १९९७ साली आंतरराष्ट्रीय नद्यांच्या पाण्याविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मताला आला, तेव्हा इजिप्त आणि इथिओपिया दोघेही तटस्थ राहिले. एकमत झाले ते एवढ्यापुरतेच!

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "सर, संमती आणि सूचना यांच्या मधला काही शब्द आहे का मराठीत?"

अठरा वर्षे मराठी शिकवणारा मी डोके खाजवू लागलो. 'सल्लामसलत' म्हणालो, ते मुलांना जड वाटले. 'विचारविनिमय' म्हणालो, त्याला इजिप्त म्हणाला, "त्यात नुसतं बोलणंच होतं." तेवढ्यात सुदानचा पुठ्ठा वर गेला.

"'विचारून' असं लिहा ना. आईला विचारून खेळायला जातो तसं. आई नाही म्हणाली तरी भांडता येतं, पण न विचारता गेलं तर मार बसतो."

इजिप्तने इथिओपियाकडे पाहिले, इथिओपियाने इजिप्तकडे पाहिले. 'खालच्या देशांना विचारून' असा शब्द पडला. पंधरा विरुद्ध एक, तीन तटस्थ, अशा मतांनी ठराव मंजूर झाला. कोणत्याही परराष्ट्र खात्याला हा शब्द पुरेसा नेमका वाटणार नाही, हे मला कळते. पण 'विचारणे' या एका क्रियापदात प्रश्नही आहे आणि मानही आहे, हे मला त्या किडकिडीत मुलाने शिकवले.

गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यात सौभाग्यवतींनी विचारले, "मूर्ती सांगायची का?"

"यंदा नको," मी म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही. माळ्यावरून एस.टी.च्या प्रवासाची पिशवी तेवढी खाली काढली.

आम्ही तिघे गावी पोचलो तेव्हा दादा अंगणात मोटार उघडून बसला होता. केस पार पांढरे झाले होते. त्याने आमच्याकडे पाहिले, हात पुसले आणि म्हणाला, "ये." वहिनी लगबगीने पाणी घेऊन आल्या आणि मुलीच्या तोंडावरून हात फिरवून आत गेल्या. मी ओसरीवर बसलो. एस.टी.त जुळवलेली सगळी वाक्ये विसरलो होतो.

"दादा," मी म्हणालो, "वाटणीच्या वेळी तुला विचारायला हवं होतं. मी तिथं होतो. मी बोललो नाही."

तो बराच वेळ गप्प राहिला. आत पाटावरवंट्याचा आवाज चालू होता. "अकरा वर्षांनी सुचलं?" एवढेच तो म्हणाला, आणि परत मोटारीकडे वळला. मला वाटले, संपले. पण आरतीनंतर पानावर बसल्यावर, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मार्चात ये. बोअर आठ दिवस बंद ठेवून पाहू, तुझ्या विहिरीला पाणी चढतंय का. चढलं तर बोलू. कुणी सांगावं, बोअरचा दोष नसेलही."

अकरा वर्षांत हे करून पाहावे असे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नव्हते.

परतीच्या एस.टी.त मुलीच्या मांडीवर वहिनींनी दिलेला मोदकांचा डबा होता. मुरबाड मागे पडल्यावर तिने विचारले, "बाबा, म्हणजे तुमचा तह झाला?"

"नाही गं. मार्चात बघू, म्हणाला."

तिने क्षणभर विचार केला. सभेत बाईंनी शिकवलेला शब्द तिला आठवला. "म्हणजे सभा तहकूब," ती म्हणाली. मग डब्याचे झाकण किलकिले करून आत पाहत तिने पुस्ती जोडली, "पण तहकूबमध्येसुद्धा आधी तह आहेच की!"

कोशकार या व्युत्पत्तीला मान डोलावणार नाहीत. एरवी मी तिथल्या तिथे तिची चूक दुरुस्त केली असती. त्या संध्याकाळी केली नाही. डब्यातला एक मोदक उचलला आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.